अण्णांना दिसेल असा धूर

हुबळीत मला माझ्या नावानं ओळखणारी माणसं थोडी. 'होगे मेस्त्री' म्हटलं की मात्र गोकुळ रोडवरचा कोणीही माझ्या शेडकडे बोट दाखवायचा. कन्नडमध्ये होगे म्हणजे धूर. आमचे आजोबा गडहिंग्लजकडून भांड्यांच्या दुकानासाठी इकडे आले, वडिलांनी दुकान वाढवलं, आणि मी गल्ल्यावर बसायचं सोडून इंजिनं उघडत बसलो. डास मारायची धुराची यंत्रं, शेतात औषध फवारायचे पंप, गवत कापायची मशिनं, जे जे फटफट करतं आणि मागून काहीतरी सोडतं, ते सगळं माझ्याकडे यायचं. बायको म्हणते, माहेरी चुलीचा धूर सोसला, सासरी गॅस होता म्हणून बरं वाटलं, तर नवऱ्याच्या शर्टालाच धुराचा वास.

पावसाळा सरता सरता संध्याकाळी गल्लीतून धुराची गाडी जाते, ती तुम्ही पाहिली असेल. लोकांना वाटतं की त्यात काहीतरी जळतं. जळत काहीच नाही. आत एक लालबुंद तापलेली नळी असते. तिच्यात तेलाची बारीक धार सोडली की तेलाची वाफ होते, आणि ती वाफ बाहेरच्या गार हवेत आली की तिचं पांढरंशुभ्र धुकं होतं. चहाच्या किटलीच्या तोंडाशी दिसतं तसंच, फक्त तेलाचं. सगळी कला एवढीच की नळी तापलेली राहिली पाहिजे आणि तेल बेतानं आलं पाहिजे. तेल जास्त झालं तर नळी गार पडते आणि यंत्र पिचकारी मारायला लागतं. कमी झालं तर धूर कुठाय म्हणून लोक वाकून बघायला लागतात. या दोन्हींच्या मध्ये एक अगदी अरुंद जागा असते. माझं आयुष्य त्या अरुंद जागेत गेलं, आणि मजेत गेलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा जत्रेतल्या एका नाटक कंपनीचे मालक आले. त्यांना इंद्राचा दरबार ढगात दाखवायचा होता. मी एक जुनं यंत्र धुऊन पुसून, त्यात औषधाचा थेंबही राहू न देता, त्यांच्या विंगेत नेऊन उभं केलं. पडदा वर गेला, मी बटण दाबलं, आणि ढग असे आले की इंद्र, सिंहासन, दोन अप्सरा आणि पेटीवाले सगळेच दिसेनासे झाले. इंद्रानं आपलं भाषण ढगातूनच म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दोन्ही प्रयोगांना मालकांनी इंद्राला तसंच अदृश्य ठेवलं, कारण त्या नटाला भाषण पाठ नव्हतं आणि ढगात त्याला वाचता येत होतं. दुसरे एक गृहस्थ मुलाच्या वरातीसाठी धूर मागायला आले. नवरदेव धुरातून प्रकट झाला पाहिजे, म्हणाले. नवरदेव झाला प्रकट, पण घोडं झालं नाही. ते धूर बघून जे उलटं फिरलं ते थेट मंडपाच्या मागे स्वयंपाक्यांत जाऊन उभं राहिलं.

पण लिहायला बसलो ते या गोष्टींसाठी नाही. धंदा बंद करायच्या बेतात असताना एक काम आलं, आणि त्या कामानं मला या वयात शाळकरी पोरासारखं नाचवलं, ते सांगायचं आहे.

थंडी नुकती सुरू झाली होती. नवनगरहून एक गृहस्थ स्कूटरवर आले. उंच, पातळ, डोक्यावर मंकी कॅप. हातातल्या पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी बाळ ठेवावं तशी माझ्या टेबलावर ठेवली. टॉवेल उघडला तर आत पेट्रोलचं छोटं इंजिन. गवत कापायच्या मशीनला असतं तसंच, पण अंगानं सडपातळ आणि आरशासारखं पुसलेलं. गृहस्थांचं नाव सुधाकर हल्याळकर. पॉलिटेक्निकात शिकवून निवृत्त झालेले.

त्यांनी विचारलं, याच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर काढून द्याल का?

मी म्हटलं, गवत कापताना धूर कशाला पाहिजे?

ते म्हणाले, गवत नाही, हे विमानाचं इंजिन आहे.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टेची काही खूण दिसेना. मग त्यांनी फोनवर विमान दाखवलं. खेळण्यातलं म्हणावं तर माणसाच्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढं मोठं, पंख काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं. खऱ्या विमानांच्या कसरतीत मागून धुराची पांढरी रेघ निघते, तशी याच्या मागून काढायची होती. त्यांनी बंगळूरकडच्या विमानवाल्यांना विचारून पाहिलं होतं, पुस्तकं वाचली होती, छोटा पंपही आणून ठेवला होता. पण सायलेन्सरच्या आत नळी बसवून पितळेचा पक्का डाग देणारा, म्हणजे पितळ वितळवून सांधा जोडणारा, माणूस मिळेना. कुणीतरी सांगितलं, हुबळीत धुराचा एक मेस्त्री आहे.

त्या दिवशी मी जेवलो नाही. डबा तसाच राहिला. चाळीसेक वर्षं जमिनीवर धूर सोडला, आणि आता कोणीतरी तो वर न्यायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी विमान बघायला नवनगरला गेलो. हल्याळकरांच्या बैठकीच्या खोलीत विमान उभं होतं आणि माणसं कडेकडेनं वावरत होती. एक पंख दिवाणावर, दुसरा शोकेसवर. सुधाकररावांची बायको विमानाच्या शेपटीखालून वाकून चहा घेऊन आली, इतक्या सवयीनं की कपातला चहा हललासुद्धा नाही.

खिडकीपाशी त्यांचे थोरले भाऊ बसले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. धारवाडच्या कोर्टात वकिली केलेले. मी नमस्कार केला तर त्यांनी भिंतीकडे बघत नमस्कार केला. मला वाटलं, मेस्त्री घरात आलेला यांना पसंत नसावा. त्यांना ते लगेच कळलं असावं.

ते म्हणाले, "मेस्त्री, राग मानू नका. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही दिसत नाही. भिंतीकडे बघितलं की तुमची मिशी दिसते."

त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता आणि कडा शिल्लक होत्या. समोर धरलेलं पान कोरं दिसायचं, पण बाजूनं कोणी गेलं तर कळायचं. हे विमान दोघा भावांनी मिळून बांधलेलं. पंखाच्या आतली पट्टी न् पट्टी अण्णांनी कापली होती, नजर होती तोवर. पोटाखालचे काळे-पिवळे पट्टेही त्यांच्याच सांगण्यावरून रुंद केले होते, वर गेल्यावर दिसावं म्हणून. तरी दिसेना झालं.

धुराचं ऐकल्यावर अण्णांनी तोंड वाकडं केलं. विमान हे विमान असावं, ती काय वरात आहे, म्हणाले. नाकात वजन वाढेल, तेल गळेल, पंख चिकट होतील, असे एकेक मुद्दे मांडले, आणि सगळे बरोबर होते. सुधाकरराव मान खाली घालून ऐकत राहिले.

निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि तिथं खरं काय ते बोलले. अण्णांनी त्यांना लहानपणी उडवायला शिकवलेलं. तेव्हा रिमोट कुठला, दोन तारांना बांधलेलं छोटं विमान, मध्ये आपण उभं राहायचं आणि ते भोवती गरगर फिरायचं. अण्णा फिरवायचे आणि धाकटा चक्कर येऊन पडायचा. पुढे रिमोट आले, मोठी विमानं आली, पण मैदानावर दोघं बरोबर गेले नाहीत असा रविवार नाही. आता अण्णा येत नव्हते. गुडघे दुखतात म्हणायचे. गुडघे ठणठणीत होते. आकाशाकडे तोंड करून बसायचं आणि आकाशात काहीच नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की राहिलेली नजरही राहील की जाईल, सांगता येत नाही.

सुधाकरराव म्हणाले, "विमान एवढंसं दिसतं, ते त्यांना कधीच दिसणार नाही. पण आख्ख्या आभाळभर पांढरी रेघ काढली तर ती कडेनं तरी दिसेल. दिसेल की नाही?"

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. मी म्हटलं, रेघ जाड काढू.

कामाला लागलो. विमानाला धूर बसवणं ऐकायला सोपं आहे. तेलाची छोटी टाकी पंखाच्या मधोमध ठेवायची, जिथं विमान तोललं जातं तिथंच, म्हणजे तेल संपत गेलं तरी तोल बिघडत नाही. टाकीतून नळी पंपात, पंपातून तापलेल्या सायलेन्सरमध्ये. मध्ये एक झडप, म्हणजे पंप बंद असताना तेल आपोआप ओघळत राहू नये. पंप रिमोटच्या एका बटणावर. बस्स. पण आकाशात असताना यातलं काही सुटलं तर वर हात घालता येत नाही. जमिनीवरचं यंत्र बिघडलं की मी पाना घेऊन त्याच्यापाशी जातो. हे बिघडलं की तेच माझ्यापाशी येणार, आणि कसं येणार ते सांगता येत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही तेल सरळ सायलेन्सरमध्ये सोडलं. विमान शेडमध्ये लोखंडी अँगलला दोरांनी बांधलं, नाकावरचा पंखा फिरवून इंजिन चालू केलं, पंपाचं बटण दाबलं. सायलेन्सरनं म्हाताऱ्यासारखं खाकरून तोंडभर तेल माझ्या शर्टावर टाकलं. तेल आत तापायच्या आधीच बाहेर येत होतं. मग मी पितळेच्या बारीक नळीचं वेटोळं केलं आणि सायलेन्सरच्या पोटात बसवलं, म्हणजे तेल आधी त्या वेटोळ्यात गोल गोल फिरून तापेल आणि मगच बाहेर पडेल. कथलाचा डाग तिथं वितळून गेला असता, म्हणून पितळेचा दिला. हात आता थोडे थरथरतात, पण डाग देताना थरथरले नाहीत. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

दुसऱ्या खेपेला बटण दाबलं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग तो आला.

मी धूर काही कमी पाहिलेला नाही. पण हा असा दाट, असा पांढरा, असा सायीसारखा आला की मी रेस कमी करायचं विसरलो. शेड भरली. छत गेलं, भिंती गेल्या, इंजिनसुद्धा आवाजापुरतं उरलं. त्या पांढऱ्यात सुधाकरराव कुठंतरी हसत होते. पॉलिटेक्निकातला निवृत्त माणूस, आणि हसण्याचा आवाज एकदा डावीकडून यायचा, एकदा उजवीकडून. नंतर कळलं, ते नाचत होते. मीही नाचलो असेन, पण मला कोणी पाहिलेलं नाही.

माझ्या शेजारच्या शेडमध्ये शांतक्का ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकते. तिच्याकडे पाच-सहा बायका भाकऱ्या थापत असायच्या. धूर मधल्या फटीतून तिकडे गेला. शांतक्का पदरानं तोंड झाकून दारात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "एन्री मेस्त्री, अंगडी सुडाकत्तीरेनु?" म्हणजे, दुकान जाळताय की काय. मी आतूनच सांगितलं, काही नाही अक्का, विमान आहे. यावर ती बायकांना घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मधल्या वेळात समोरच्या कुणीतरी फोन केला, आणि लाल गाडी घंटा वाजवत आली. गाडीवरचा मुख्य माणूस ओळखीचाच, त्याचा एक पंप माझ्याकडे दुरुस्तीला पडला होता. तो धुरात शिरला, मला शोधून काढलं, आग कुठं नाही याची खात्री केली आणि म्हणाला, मेस्त्री, आलोच आहे तर विचारतो, आमचा पंप कधी देताय?

शांतक्काच्या त्या दिवशीच्या भाकऱ्यांना तेलाचा वास लागला. भरपाईचं विचारलं तर ती म्हणाली, ते असू दे, विमान उडेल तेव्हा मला न्या.

गोकुळ रोडला विमानतळ जवळ, तिथं असलं काही उडवता येत नाही. हल्याळकरांची जागा कलघटगीच्या पुढे होती, ओळखीच्या एका शेतकऱ्याचं मुरमाड पडीक रान, कागदोपत्री परवानगी वगैरे सगळं केलेलं. पहिल्या उड्डाणाला आम्ही दोघंच गेलो. विमान मुरमावरून धावलं, उचललं, आणि वर जाऊन वळलं. मी माझीच टोपी हातात घट्ट धरली. सुधाकररावांनी धुराचं बटण दाबलं.

उदबत्ती. खरंच सांगतो, उदबत्ती लावल्यासारखी एक करडी रेघ, ती पण तुटक.

आम्ही खाली उभे राहून कारणं शोधत होतो, आणि त्या नादात सुधाकररावांनी विमान उतरवायला म्हणून रेस कमी केली, पण धूर बंद केला नाही. पंप तेल ओततच राहिला. सायलेन्सर गार, तेलानं तुडुंब, इंजिनाचा श्वास कोंडला आणि ते बंद पडलं. एवढा मोठा आवाज एकदम थांबला की रानातल्या टिटव्या ऐकू यायला लागल्या. विमान आता नुसतंच तरंगत होतं, आणि मुरमाच्या पट्टीपर्यंत पोचणार नव्हतं.

ते पंख अण्णांनी कापलेले होते, आणि तसे पुन्हा कापता येणार नव्हते. सुधाकररावांनी विमान हळूहळू फिरवून शेजारच्या हरभऱ्यावर आणलं आणि हिरव्यात टेकवलं. आम्ही बांधावरून धावलो. मी या वयात धावलो. पंखा मोडला होता, चाकाची तार वाकली होती, पण पंख अख्खे होते. सुधाकरराव हरभऱ्यात खाली बसले आणि पंखांवरून हात फिरवत राहिले. शेताचा मालक आला, त्याला वाटलं आम्ही रडतोय, म्हणून त्यानं दोन मुठी सोलाणा उपटून दिला. आम्ही तो खात खात विमान खांद्यावर घेऊन परतलो.

उदबत्तीचं कारण सुधाकररावांनीच काढलं. शेडमध्ये आम्ही नाकावरचं झाकण काढून इंजिन चालवलं होतं, आणि विमान जागेवर होतं. वर गेल्यावर झाकणातून गार वाऱ्याचा झोत सरळ सायलेन्सरवर आदळत होता. वारा इंजिनला पाहिजे, सायलेन्सरला नको. त्यांनी पातळ पत्र्याची एक आडभिंत केली, अशी सुबक की मला त्यांच्या हाताचा हेवा वाटला. रिमोटमध्येही त्यांनी असं बसवलं की रेस निम्म्याच्या खाली आली की बटण दाबलेलं असलं तरी पंप बंद. मी झडप बदलली, वेटोळ्याला आणखी एक वळसा दिला. पुढच्या खेपेला शेतावर रेघ निघाली ती टाल्कम पावडरसारखी, जाड, तुटल्याशिवाय. आम्ही दोघांनी एकमेकांचा हात धरून तो किती तरी वेळ हलवला.

आता अण्णांना आणायचं होतं. सुधाकरराव रोज विचारायचं ठरवायचे आणि रोज राहून जायचं. एका सकाळी मी पंपाची नळी बदलायला नवनगरला गेलो, तेव्हा ते बाजारात गेलेले. अण्णा एकटेच खिडकीशी होते. मी आलोय हे त्यांना चालण्यावरून कळलं.

"मेस्त्री, हा धूर कुणासाठी आहे?"

मी नळी चाचपत राहिलो.

"मी वकिली केली आहे. साक्षीदार कधी गप्प होतो ते मला कळतं."

मग मी सांगून टाकलं. तुम्हाला दिसावं म्हणून चाललंय, बाकी कुणासाठी नाही. ते रागावतील अशी माझी समजूत होती. ते भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, वळले. मग विचारलं, दुपारी उडवता की सकाळी? मी सांगितलं, दुपारी, सवडीनं. ते म्हणाले, चूक. दुपारी आभाळ पांढुरकं होतं, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. सकाळी जा, सूर्य पाठीशी घ्या, समोर निळं पाहिजे. आणि खुर्ची बिनहातांची आणा, मला मान फिरवायला लागते.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. गाडीत पुढे अण्णा, मागे मी आणि शांतक्का, आमच्या मांडीवर आडवा एक पंख. शांतक्कानं भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि दही आणलं होतं आणि वाटभर ती पंखाला हात लावू की नको अशी बसली होती. आभाळ असं निळं होतं की त्यावर काही लिहायचा मोह व्हावा. खुर्ची मुरमावर ठेवली. अण्णा तिच्यात ताठ बसले, कोर्टात बसत असतील तसे.

इंजिन चालू झालं. विमान उडालं. आम्ही सगळे वर बघत होतो आणि अण्णा समोरच्या बाभळीकडे. पण ते ऐकत होते. डावीकडे वळलं, म्हणाले. आता वर घेतोय. आता लांब गेलं. सगळं बरोबर. सुधाकररावांनी विमान मोठ्या फेरीनं समोर आणलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मग बटण दाबलं.

त्या क्षणी माझ्या मनात नुसती नळी, झडप, वेटोळं, डाग, नळी, झडप. मग निळ्यावर पांढरी रेघ सुरू झाली, आणि विमान पुढे जाईल तसतशी लांब होत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अण्णांनी मान हळूहळू उजवीकडे वळवली, जवळजवळ खांद्यापर्यंत. आकाशाकडे पाठ केल्यासारखे दिसत होते.

"आलं," ते म्हणाले.

आणि त्यांचं बोट वर गेलं, आणि रेघेबरोबर सरकायला लागलं. ते बाभळीच्याही पलीकडे कुठंतरी बघत होते, आणि बोट अचूक रेघेवर होतं. शांतक्का पदर डोळ्याला लावून हसत होती. मला आठवतं की मी मोठ्यानं काहीतरी म्हटलं, पण काय ते आठवत नाही. हयातभर लोक माझा धूर आला की खिडक्या लावायचे, नाक दाबायचे, पोरांना आत ओढायचे. मी कुणाला त्याची वाट बघताना पाहिलं नव्हतं.

सुधाकररावांना आता अंगात आल्यासारखं झालं होतं. त्यांनी विमान सरळ वर चढवलं, उलटं केलं आणि खाली आणून एक मोठं वर्तुळ पुरं केलं. अख्खं वर्तुळ आभाळात उभं राहिलं. ते वळून अण्णांकडे बघायला लागले, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

अण्णा थोडा वेळ ते वर्तुळ कडेकडेनं न्याहाळत राहिले.

"गोल नाही," म्हणाले. "वर जाताना घाई केलीस, आणि खाली चपटं केलंस. भाकरी करपली म्हणून तव्यावरून ओढून काढल्यासारखं."

शांतक्कानं मान डोलावली. सुधाकररावांच्या तोंडावर हसू आणि डोळ्यांत पाणी एकदमच आलं. किती तरी महिन्यांत त्यांना कोणी चूक दाखवली नव्हती. त्यांनी मला खूण केली. पेटीत दुसरा रिमोट होता, पहिल्याशी जोडलेला. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, तसं. शिकणारा चालवतो, आणि चुकला की शिकवणारा बटणावर दाबून धरलेलं बोट सोडून ताबा आपल्याकडे घेतो. मी तो अण्णांच्या हातात दिला.

अण्णा म्हणाले, वेड्यासारखं करू नकोस.

सुधाकरराव म्हणाले, "माझं बोट इथंच आहे अण्णा. मग तूच काढ गोल."

अण्णांनी दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर ठेवले. सुरुवातीला रेघ जरा थरथरली. मग सरळ झाली. अण्णा बाभळीकडे बघत होते, ओठ हलत होते, बहुतेक इंजिनाच्या आवाजाबरोबर काहीतरी मोजत असावेत. मग त्यांनी विमान वर घेतलं, सावकाश, माथ्यावर हात सैल सोडला, तिथं ते क्षणभर लोंबकळल्यासारखं वाटलं, आणि उलटं होऊन दुसऱ्या बाजूनं खाली यायला लागलं. सुधाकररावांचं बोट मी बघत होतो. ते हललं नाही.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, ती सुधाकररावांनी मला तेव्हाच कानात सांगितली. विमान उडतं तिथली हवा ढवळून निघते. वर्तुळ अगदी बरोबर पुरं झालं, तर विमान जिथून निघालं तिथंच येऊन आपणच ढवळलेल्या हवेत शिरतं, आणि त्याला एक झटका बसतो. वर्तुळ जरा वाकडं झालं तर ते बाजूनं निघून जातं आणि काहीच होत नाही. सुधाकररावांना तो झटका फार क्वचित मिळालेला.

विमान खाली आलं, आपल्याच पांढऱ्या रेघेत घुसलं, आणि कुणीतरी खांदा धरून हलवावं तसं थडथडून पुढे निघालं. रेघेचे तिथं दोन तुकडे होऊन भोवऱ्यासारखे फिरायला लागले.

इंजिनाच्या आवाजात मध्येच एक अडखळ आली होती, ती अण्णांनी ऐकली होती. पण विमान त्यांना दिसत नव्हतं.

"मेस्त्री, हललं का?"

मी म्हटलं, "हललं. चांगलं गदागदा हललं."

बाभळीकडे बघत असलेल्या त्या तोंडावर सावकाश जे काही पसरत गेलं, ते मला लिहिता येत नाही. मग त्यांनी विचारलं, टाकीत तेल आहे ना अजून? माझ्या अंदाजानं टाकी तळाला आली होती. मी म्हटलं, भरपूर आहे.

अण्णांनी पुन्हा दांडी ओढली.